बृहत् तालुरंध्राची नेमकी जागा : एका मोजणी-प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४

प्रकल्पाला आज विभागाची लेखी संमती मिळाली, म्हणून ही वही आजपासून सुरू करते. प्रश्न जुना आहे, पण मला तो मागच्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात नव्याने भेटला. साठीच्या एका बाईंची वरच्या जबड्यातली एकुलती उरलेली दाढ काढायची होती आणि टाळूच्या बाजूने भूल देण्याची वेळ आली, तेव्हा इंटर्नने मला विचारले, ‘मॅडम, रंध्र तिसऱ्या दाढेसमोर असते असे तुम्ही शिकवले आहे, यांची तिसरी दाढ तर केव्हाच काढली आहे आणि दुसरीही नाही, मग सुई कुठे टोचायची?’ मी बोटाने जागा दाखवली, भूल लागली, दाढही निघाली. परंतु बोटाला जे ठाऊक होते ते मला वाक्यात सांगता आले नाही, ही गोष्ट मनातून जाईना. शिकवणाऱ्याला वाक्यात सांगता यायला हवे.

ज्याला आम्ही विभागात रोजच्या बोलण्यात ग्रेटर पॅलाटाइन फोरामेन म्हणतो, ते बृहत् तालुरंध्र कठीण टाळूच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे असते. कठीण टाळूचा पुढचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वरच्या जबड्याच्या हाडाचा आणि मागचा एक-तृतीयांश तालु-अस्थीचा असतो. ही दोन हाडे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे मागच्या कोपऱ्यात हे रंध्र उघडते आणि त्यातून त्याच नावाचा मज्जातंतू आणि त्याच नावाची रोहिणी टाळूवर उतरून पुढे दातांच्या दिशेने जातात. दाढांच्या आतल्या बाजूचे टाळू बधिर करायचे असेल, तर औषध या तोंडाशी पोहोचावे लागते.

५ जून

विभागातल्या कपाटांतील सर्व कवट्या आज बाहेर काढल्या. हाडांची देखभाल करणारे आमचे मामा गेली वीस वर्षे इथे आहेत आणि प्रत्येक कवटीची ओळख त्यांना माझ्याहून अधिक आहे. एकूण शहात्तर कवट्यांपैकी चौदा बाजूला ठेवाव्या लागल्या : काहींच्या टाळूची मागची कड फुटलेली होती, दोन मुलांच्या होत्या, आणि तिघींच्या टाळूवर विद्यार्थ्यांनी शाईने नावे लिहून रंध्राची कड झाकून टाकली होती. उरलेल्या बासष्ट कवट्या मोजायच्या आहेत.

यांचा मूळ पत्ता आम्हाला माहीत नाही आणि तो माहीत असल्याचा आव प्रकल्पात कुठेही आणायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवते. मुंबईत अभ्यासासाठी बेवारस मृतदेह मिळण्याची कायदेशीर वाट १९४९च्या मुंबई शरीररचनाशास्त्र कायद्याने आखली. तयार, स्वच्छ केलेले सांगाडे मात्र अनेक दशके कोलकात्याच्या व्यापाऱ्यांकडून देशभर आणि परदेशीही जात होते, आणि १९८५ साली केंद्र सरकारने मानवी सांगाड्यांची निर्यात बंद केली तेव्हाच तो ओघ आटला. आमच्या कपाटातल्या जुन्या कवट्या त्याच वाटेने आल्या असाव्यात. वय, लिंग, गाव, यांपैकी एकही गोष्ट चिठ्ठीवर नाही. म्हणून शीर्षकात ‘महाराष्ट्रातील कवट्या’ असे लिहिण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह मी मान्य केला नाही. एकेकाळी ही माणसे होती आणि त्यांच्याबद्दल आपण जे जाणत नाही ते जाणतो असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

१० जून

साधनांसाठी नागदेवी स्ट्रीटला गेले. तिथल्या एका दुकानात ०.०१ मिलिमीटर दाखवणारा डिजिटल कॅलिपर घेतला, परंतु नोंद ०.१ मिलिमीटरपर्यंतच करायची असे ठरवले, कारण हाडाची कड स्वतःच तेवढी धारदार नसते आणि यंत्र दाखवते म्हणून शंभरावा भाग लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता लिहिणे होय. कॅलिपरची टोके रंध्रात नीट बसतात का, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी मी पेनाच्या टोपणाच्या भोकावर तपासून पाहिले.

येताना मासेमारीची तंगूस घेतली, अगदी बारीक. एखादे भोक खरोखर नलिकेत उघडते की हाडातला नुसता खड्डा आहे, हे पाहण्यासाठी तंगूस आत सरकवून पाहणे सर्वांत सोपे. तार वापरली तर हाड खरवडले जाते. तंगूस वळते, अडली तर थांबते आणि कड शाबूत राहते.

१२ जून

पाच कवट्यांची चाचणी-मोजणी केली आणि दुपारपर्यंत लक्षात आले की मोजण्याआधी ठरवायच्या गोष्टी मोजण्यापेक्षा अधिक आहेत.

पहिली गोष्ट रंध्राचा आकार. हे तोंड क्वचितच गोल असते. बहुतेक कवट्यांत ते पुढून मागे लांबट, आणि काहींत तर अक्षरशः फट आहे. मध्यरेषेपासूनचे अंतर रंध्राच्या आतल्या कडेपर्यंत घ्यायचे की मध्यापर्यंत, यावर एक ते दीड मिलिमीटरचा फरक पडतो. एवढा फरक दोन लोकसमूहांत सापडला, तर त्यावर एक आख्खा निबंध उभा राहतो. आणि तो फरक कॅलिपर कुठे ठेवला यातून आलेला असू शकतो. आम्ही मध्य धरला, कारण सुई मध्याकडेच न्यायची असते.

दुसरी गोष्ट मध्यरेषा. टाळूच्या मधोमध जाणारी शिवण सरळच असते असे समजण्याचे कारण नाही. कवटी क्रमांक ४ मध्ये ती मागच्या भागात स्पष्टपणे डावीकडे झुकलेली आहे. शिवणीलाच मध्यरेषा मानले तर तिथे उजवी बाजू रुंद आणि डावी अरुंद भरते, आणि रंध्रे विषम आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून पटाशीच्या दातांमागच्या खाचेच्या मागच्या कडेपासून टाळूच्या मागच्या काट्यापर्यंत दोरा ताणून, त्या दोऱ्याला मध्यरेषा म्हणायचे ठरले. काटा मोडलेला असेल तर ती कवटी मध्यरेषेच्या तक्त्यातून वगळायची.

तिसरी गोष्ट मागची कड. ती कमानीसारखी आत वळलेली असते, तेव्हा ‘मागच्या कडेपासून’ म्हणजे नक्की कुठल्या बिंदूपासून? रंध्राच्या मागच्या कडेपासून मध्यरेषेला समांतर, सरळ मागे जाऊन जिथे हाड संपते तो बिंदू आम्ही धरला. हे तीनही नियम आज मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले.

१८ जून

दातांच्या संदर्भात जागा लिहिण्यासाठी पाच वर्ग केले : दुसऱ्या दाढेच्या पुढे, दुसऱ्या दाढेसमोर, दुसऱ्या-तिसऱ्या दाढांच्या मध्ये, तिसऱ्या दाढेसमोर, आणि तिसऱ्या दाढेच्या मागे. दाढेच्या मध्यातून मध्यरेषेला लंब टाकून पाहायचे.

दात जागेवर नसले तरी खळगी बोलतात. मृत्यूनंतर दात पडला असेल तर खळगीची कड तीक्ष्ण आणि आत मुळांचे कप्पे स्पष्ट दिसतात; जिवंतपणी पडला किंवा काढला असेल तर खळगी हाडाने भरून येते आणि तिथली कड खचते. पहिल्या प्रकारात दाढेची जागा खात्रीने सांगता येते, दुसऱ्या प्रकारात नाही. दुसऱ्या प्रकारच्या बाजू दातांच्या तक्त्यातून वगळल्या. तसे करताना मनात आले की, आपण वगळत आहोत त्या नेमक्या त्या बाईंसारख्या माणसांच्या बाजू आहेत, ज्यांच्यामुळे हा प्रकल्प सुरू झाला. त्यांच्यासाठी हाडाची मापे तेवढी उरतात, म्हणून ती अधिक काळजीने घ्यायला हवीत.

२५ जून

पूर्वीचे काम पुन्हा वाचले. १९८२ साली वेस्टमोरलँड आणि ब्लँटन यांनी तीनशे कवट्यांवर या रंध्राची जागा मोजली, आणि त्याही कवट्या भारतीयच होत्या. १९९४ साली अजमानी यांनी नायजेरियातील आणि भारतातील कवट्यांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींत रंध्राची सर्वाधिक आढळणारी जागा तिसऱ्या दाढेसमोरची आहे, आणि मध्यरेषेपासूनचे अंतर दोन्हींत पंधरा मिलिमीटरच्या आसपास आहे. इथपर्यंत एकवाक्यता आहे.

मागच्या कडेपासूनच्या अंतरात मात्र पहिल्या कामात सरासरी जवळजवळ दोन आणि दुसऱ्यात सुमारे साडेतीन मिलिमीटर येते. दोन्ही संग्रहांत भारतीय कवट्या आहेत, तेव्हा हा फरक वंशाचा म्हणून सोडून देता येत नाही. मला यात बारा तारखेला भिंतीवर लावलेला तिसरा नियम दिसतो. रंध्राची मागची कड धरली की आकडा लहान येतो, मध्य धरला की मोठा येतो, आणि कमानीचा कोणता बिंदू निवडला यावर तो आणखी सरकतो. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या मोजण्याची पद्धत शेजारी ठेवली पाहिजे. आमच्या अहवालात प्रत्येक मापासोबत रेखाचित्र द्यायचे, ते याचसाठी.

जुन्या पाठ्यपुस्तकांतले वर्णन तर आणखी सैल आहे. एकात दुसरी दाढ, दुसऱ्यात तिसरी, तिसऱ्यात नुसते ‘टाळूच्या मागच्या कोपऱ्याजवळ’. विद्यार्थी जे पुस्तक वाचतो ते त्याला खरे वाटते आणि परीक्षक दुसऱ्या पुस्तकातून आलेला असतो.

८ जुलै

रात्रभर पाऊस आणि सकाळी रुळांवर पाणी, त्यामुळे लोकल बंद. विभागात पोहोचता आले नाही. घरी बसून रिकामे तक्ते आखले.

१५ जुलै

दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्ही इथे नोंदवायला हव्यात.

दमट हवेने चार कवट्यांच्या टाळूवर बुरशीचा पांढरा थर धरला. मामांनी त्या कोरड्या मऊ ब्रशने झाडल्या आणि दोन दिवस दिव्याखाली ठेवल्या. मी त्यांना रसायन लावू नका म्हटले, तर ते म्हणाले, ‘मॅडम, पाणीसुद्धा नाही लावत मी, हाड पाणी पितं आणि फुगतं.’ फुगते ते किती, हे मला मोजून पाहावेसे वाटले. परंतु तो वेगळा प्रकल्प होईल. तोवर सर्व कवट्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यांत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. माझी पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि मी, टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसून मोजत होतो. कवटी उलटी धरून पटाशीचे दात पाहणाऱ्यापासून दूर ठेवले, तर कवटीची उजवी बाजू पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. तेच दात स्वतःकडे वळवले तर ती उजव्या हाताला येते. आम्ही दोघी एकाच कवटीकडे विरुद्ध दिशांनी पाहत होतो आणि एकीने सांगितलेली ‘उजवी’ दुसरी लिहून घेत होती. अकरा कवट्यांच्या नोंदींत उजवे-डावे उलटले असण्याची शक्यता आहे. कोणत्या अकरा हे सांगता येत असले, तरी त्यांतल्या कोणत्या नोंदी उलटल्या हे सांगता येत नाही, म्हणून अकराही रद्द केल्या आणि पुन्हा मोजल्या. आता प्रत्येक कवटीच्या उजव्या गालफडाच्या कमानीला लाल दोरा बांधला आहे आणि नोंद ‘दोऱ्याची बाजू’ आणि ‘बिनदोऱ्याची बाजू’ अशीच घेतली जाते. उजवे-डावे असे भाषांतर नंतर, एकदाच, तक्त्यात होते.

याच निमित्ताने पंधरा कवट्या आठवड्याच्या अंतराने, पहिले आकडे न पाहता, पुन्हा मोजल्या. मध्यरेषेपासूनची मापे चांगली जुळली. मागच्या कडेची मापे तितकी जुळली नाहीत. कमानीवरचा बिंदू निवडताना हात सरकतो हे स्पष्ट आहे. तिथे आता दोघींनी स्वतंत्रपणे मोजून सरासरी घ्यायची.

२२ जुलै

लघु तालुरंध्रांचा दिवस. ही बृहत् तालुरंध्राच्या मागे, तालु-अस्थीच्या शंकूसारख्या भागात असतात आणि त्यांतून मऊ टाळूकडे आणि गलग्रंथींच्या भागाकडे जाणारे बारीक मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बाहेर पडतात. संख्या ठरलेली नाही. बहुतेक बाजूंना एक, बऱ्याच ठिकाणी दोन, काही ठिकाणी तीन आणि एका बाजूला एकही नाही.

तंगुशीने इथे फार मदत केली. डोळ्यांनी तीन दिसणाऱ्या छिद्रांपैकी एका ठिकाणी तंगूस दोन मिलिमीटरवर थांबली, म्हणजे तो खड्डा होता. दुसरीकडे दोन वेगवेगळ्या तोंडांतून घातलेल्या दोन तंगुशी आत एकत्र आल्या, म्हणजे नलिका एक आणि तोंडे दोन. याला एक म्हणायचे की दोन? आम्ही तोंडे मोजायची ठरवले आणि आत जुळतात की नाही याचा वेगळा स्तंभ केला. मला ही मोजणी बृहत् रंध्राहून अधिक आवडली, कारण इथे हाडाने प्रत्येक माणसात वेगळा निर्णय घेतलेला दिसतो आणि एकाच माणसाच्या दोन बाजूंनाही तो सारखा नसतो. मोठ्या रंध्राजवळ दिलेले औषध कधीकधी मऊ टाळूही बधिर करते आणि रुग्णाला घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, त्याचे कारण या शेजाराशी आहे. रुग्णाला ते आधी सांगितले की तो घाबरत नाही.

दोन कवट्यांत बृहत् रंध्रापासून पुढे जाणाऱ्या चरीवर हाडाचा लहानसा पूल आढळला. रोहिणी आणि मज्जातंतू त्या पुलाखालून जात असणार. टाळूवरून ऊतक काढणाऱ्याला हा पूल हाताला लागला तर तो चकित होईल.

३० जुलै

पुढच्या खाचेबद्दल थोडक्यात. मधल्या पटाशीच्या दातांमागे जी खाच असते, तिच्या तळाशी दोन बाजूंच्या नलिका उघडतात, ज्यांना डॅनिश शरीरशास्त्रज्ञ स्टेन्सेन यांचे नाव आहे. काही कवट्यांत त्यांच्याशिवाय मध्यरेषेवर एकामागे एक अशी आणखी दोन छिद्रे असतात, ती इटालियन शरीरशास्त्रज्ञ स्कार्पा यांच्या नावाने ओळखली जातात. पुढचे डाव्या आणि मागचे उजव्या मज्जातंतूसाठी, असे शिकवले जाते. आमच्या संग्रहात स्कार्पाची छिद्रे स्पष्ट दिसणाऱ्या कवट्या थोड्याच आहेत. आमचा विषय मागचा कोपरा आहे, म्हणून इथे थांबते. एवढीच नोंद, की पटाशीचे दात गेल्यावर पुढचे हाड झिजते आणि ही खाच जबड्याच्या कडेजवळ आल्यासारखी दिसते. खाच जागची हलत नाही, तिच्या पुढचे हाड कमी होते. मागेही हेच चालू असेल का, हा प्रश्न इथे मनात रुजला.

६ ऑगस्ट

बाजूला ठेवलेल्या दोन बालकवट्या मोजण्यासाठी म्हणून नव्हे, पाहण्यासाठी काढल्या. एकीत पहिली कायम दाढ नुकती वर आली आहे आणि दुसरी हाडात आहे. तिसरीचा तर अजून मागमूस नाही. रंध्र शेवटच्या दिसणाऱ्या दाढेच्या जवळ, मागच्या कोपऱ्यातच आहे. या वयात ‘तिसऱ्या दाढेसमोर’ हे शब्द निरर्थक आहेत. मागच्या दाढांना जागा मिळावी म्हणून टाळू मागच्या बाजूला वाढत जातो. रंध्र टाळूच्या मागच्या कोपऱ्याशी बांधलेले राहते आणि दाढा एकामागून एक त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहतात. म्हणजे दाढ ही रंध्राची शेजारीण आहे, पत्ता नव्हे. हे वाक्य पहिल्या वर्षाच्या वर्गात वापरायचे.

१३ ऑगस्ट

तोंड आणि जबडा शल्यचिकित्सा विभागातील एक वरिष्ठ सर दोन तास येऊन बसले. त्यांना रंध्राच्या जागेपेक्षा त्याच्या तोंडाच्या दिशेत अधिक रस होता. या रंध्रातून सुई वर नलिकेत नेली तर ती टेरिगोपॅलाटाइन खड्ड्याशी, म्हणजे वरच्या जबड्यामागच्या पोकळीशी, पोहोचते आणि वरच्या जबड्याचा आख्खा मज्जातंतू बधिर करता येतो. प्रौढांत त्यासाठी सुई साधारण तीस मिलिमीटर आत जाते. तोंड खाली आणि पुढे उघडत असेल तर सुई सहज शिरते. ते सरळ खाली उघडत असेल तर सुईचा कोन बदलावा लागतो, नाहीतर ती हाडाला टेकते. काही नलिकांत वाटेत हाडाचा अडथळा असतो आणि तिथे जोर करायचा नसतो. सुई फार वर गेली तर औषध डोळ्याच्या खोबणीत उतरून काही काळ एकाच्या दोन प्रतिमा दिसू शकतात.

सरांनी दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियांबद्दल सांगितले ते मी शब्दशः उतरवून घेतले आहे. जर्मन शल्यचिकित्सक लांगेनबेक यांनी १८६१ साली टाळूवरचे आच्छादन हाडापासून सोडवून मध्यभागी आणण्याची पद्धत मांडली. त्यानंतरच्या अनेक पद्धतींत ते आच्छादन याच रंध्रातून येणाऱ्या रोहिणीवर जगते. ‘ती रोहिणी तुटली तर टाळूचा तुकडा काळा पडतो, आणि समोर वर्षभराचं मूल असतं,’ असे ते म्हणाले. दुभंगलेल्या टाळूत मागचा काटाच नसतो, मध्यरेषा हीच फट असते, म्हणून आमचा दोऱ्याचा नियम तिथे लागू होणार नाही, हेही त्यांनीच दाखवून दिले. मी तक्त्याखाली मर्यादा म्हणून ते लिहिले.

हिरड्यांचे उपचार करणारे सहकारीही याच रोहिणीला जपतात. १९९६ साली रायझर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की टाळू उथळ असेल तर दाताच्या मानेपासून ही वाहिनी सुमारे सात, मध्यम असेल तर बारा आणि खोल असेल तर सतरा मिलिमीटरवर असते. टाळूची खोली हे माप आमच्या यादीत नव्हते. आजपासून ते घेतले आहे, जरी त्यासाठी सर्व कवट्या पुन्हा बाहेर काढाव्या लागणार असल्या, तरी.

२७ ऑगस्ट

टाळूची खोली सोडून बाकी मोजणी संपली. आकड्यांचे विश्लेषण संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेले आहे आणि ते परत येईपर्यंत टक्केवारी या वहीत लिहिणार नाही. परंतु एक कवटी मी कालपासून टेबलावरून उचललेली नाही.

कवटी क्रमांक ४१. उजवीकडे तिन्ही दाढांच्या खळगी तीक्ष्ण कडांसह उपस्थित. डावीकडे दोनच, आणि दुसऱ्या दाढेच्या मागे हाड गुळगुळीत. जिवंतपणी काढलेल्या दाढेची भरलेली खळगी असे मी प्रथम समजले. क्ष-किरण विभागात नेऊन दोन्ही बाजूंच्या प्रतिमा काढल्या, तेव्हा डावीकडे हाडात दडलेली दाढही दिसली नाही आणि भरलेल्या खळगीची रेघही दिसली नाही. ती दाढ बहुधा तयारच झाली नव्हती. आता मापे : मध्यरेषेपासून उजवे रंध्र १५.१ आणि डावे १४.९ मिलिमीटर. मागच्या कडेपासून दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आतला फरक. हाडाच्या हिशेबाने दोन्ही रंध्रे जवळजवळ आरशातल्यासारखी. दातांच्या हिशेबाने मात्र उजवे ‘तिसऱ्या दाढेसमोर’ आणि डावे ‘शेवटच्या दाढेच्या मागे’, म्हणजे दोन वेगळे वर्ग. प्रसिद्ध होणाऱ्या कोष्टकात हे रंध्राच्या जागेतले वैविध्य म्हणून मोजले जाईल, आणि रंध्र तर हललेलेच नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते इथे शेजारीच लिहायला हवे. क्रमांक २३ मध्ये दोन्ही बाजूंच्या सर्व दाढा जागेवर, सारख्या आकाराच्या, आणि तरी डावे रंध्र उजव्याहून दीड मिलिमीटरहून अधिक पुढे. कॅलिपर तीन वेळा, दोन हातांनी ठेवून पाहिला. हे वैविध्य खरे आहे. म्हणजे दातांवरून केलेल्या वर्गवारीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मिसळतात, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी प्रत्येक बाजूचे हाडाचे माप आणि दाढेचे माप, दोन्ही, एकाच ओळीत असायला हवेत. सरासरी काढून ही गाठ सुटणार नाही.

४ सप्टेंबर

तृतीय वर्षाच्या वीस विद्यार्थ्यांसमोर आज टाळू चाचपण्याचे प्रात्यक्षिक घेतले, जोड्यांनी, हातमोजे घालून. कापूस गुंडाळलेली काडी पहिल्या दाढेच्या पातळीवर, जिथे दातांचा उंचवटा संपून टाळूचे सपाट हाड सुरू होते त्या कोनात ठेवायची, घट्ट दाबायची आणि कोन न सोडता सावकाश मागे न्यायची. हाड टणक लागत असताना एका जागी काडी किंचित आत बसते. तिथे रंध्र आहे. एका विद्यार्थ्याने ती जागा दुसऱ्या दाढेच्या मागच्या अर्ध्यात दाखवली, त्याच्या जोडीदाराची अक्कलदाढेच्या समोर होती. एका मुलीच्या दोन बाजूंना सारखी नव्हती. या जाणिवेला हाड उघडून पडताळता येत नाही, म्हणून ती आकड्यांत धरलेली नाही. परंतु ज्या इंटर्नने मे महिन्यात मला प्रश्न विचारला होता तो आज मदतनीस म्हणून उभा होता, आणि काडी बसली की प्रत्येक जोडीला तो म्हणत होता, ‘आता दाढ कितवी आहे ते नंतर बघा.’

१२ सप्टेंबर

टाळूच्या खोलीची मापे आज पूर्ण झाली. मामांनी सर्व कवट्या डब्यांत परत ठेवल्या, नव्या चिठ्ठ्या आतल्या बाजूला चिकटवल्या आणि शाई पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक पट्टी लावली. लाल दोरे मी तसेच ठेवायला सांगितले आहेत.

अहवालाच्या मसुद्यात जागेचे वर्णन असे लिहिले आहे : ‘बृहत् तालुरंध्र कठीण टाळूच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात, मागच्या कडेच्या थोडे पुढे, मध्यरेषेपासून साधारण दीड सेंटिमीटरवर उघडते, सर्व दाढा असलेल्या प्रौढात ते बहुधा तिसऱ्या दाढेसमोर येते, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या दाढांच्या मध्ये किंवा दुसरीसमोरही असू शकते, आणि दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चाचपाव्यात.’ विभागप्रमुखांनी ‘बहुधा’ काढून आकडा घालायला सांगितले आहे. विश्लेषण आल्यावर आकडा घालेन. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द मात्र राहील, असे त्यांना कळवले आहे आणि क्रमांक ४१ आणि २३ या दोन कवट्या त्यांच्या टेबलावर ठेवून आले आहे.